आडावरचा दगड

अप्पा, परड्यातल्या आडावरचा दगड मी हलवणार आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हणून लिहायला बसलो. विचारायला नव्हे, सांगायला. विचारलं तर तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की दुकानातला तुमचा फोटो बघून नवी गिऱ्हाइकं विचारतात, हे कोण. पण परड्यात गेलो आणि त्या दगडावर पाय पडला की अजून मी पाय उचलतो, तुम्ही माडीवरून बघताय असं वाटतं. सातवी झाल्यावर तुम्ही मला शाळेतून काढून कापडाच्या दुकानात बसवलंत, त्यामुळं मुद्देसूद लिहिणं मला जमत नाही. अक्षरही तसंच आहे. ‘कोंबडी मातीत पाय घासून गेली की काय,’ असं तुम्ही म्हणायचात. तीच कोंबडी आता म्हातारी झाली आहे, एवढाच फरक.

आधी गावाची हकीकत सांगतो, म्हणजे मी उगीच हट्टाला पेटलो नाही हे कळेल. नळाला पाणी आता आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. कोणत्या वेळी येईल ते सांगता येत नाही. कोपऱ्यावरच्या घरात तोटी फुसफुसली की तिथली अज्जी ओरडते, ‘नीर बंदाव!’ पाणी आलं, हे शब्द कानावर पडले की दुर्गदबैलाच्या बाजारात गिऱ्हाईक सोडून दुकानदार घराकडं पळतात. मी तर आदल्या दिवसापासूनच कासावीस असतो. पिंपं धुतली का, पाइपची गाठ सैल तर झाली नाही, मोटारीला वीज असेल का. घरात पिंपं, पिंपांवर कळश्या, कळश्यांवर तांबे. तुमचा नातू म्हणतो, ‘अण्णा, आपल्या घरात माणसं चार आणि पिंपं चौदा. मतदान घेतलं तर पिंपं निवडून येतील.’ म्हणू दे. हीच पिंपं भरताना सूनबाईची कंबर जाते आणि तीच पिंपं संपली की त्याला आंघोळीला गरम पाणी लागतं, हे तो विसरतो.

आता त्यानं ठरवलं आहे की परड्यात मालाची खोली बांधायची. दगड काढायचा, आड दगडमातीनं भरायचा, वर काँक्रीट ओतायचं. गवंडी येऊन माप घेऊन गेला. मी म्हणालो, ‘आड बुजवायचा नाही.’ तो म्हणाला, ‘अण्णा, बंदच तर आहे तो. तुम्ही आयुष्यभर त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही.’ मी म्हणालो, ‘बंद आहे आणि बुजवला आहे यात फरक आहे.’ तर म्हणाला, ‘गल्लीत नवे पाइप टाकतायत. चोवीस तास पाणी येणार. मग आड कशाला?’

अप्पा, शब्दन् शब्द तुमचा. त्यानं तो तुमच्या तोंडून ऐकलेला नाही, तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. ‘नळ आला, मग आड कशाला?’ हे तुम्ही आईला ज्या जागी उभं राहून म्हणाला होता, त्याच जागी तो उभा होता. हातसुद्धा तसाच कमरेवर.

पण तुमचं कारण वेगळं होतं. ते तुमच्या पायात होतं. मिरजेकडच्या तुमच्या गावात पायऱ्यांची विहीर होती, लोक गुडघाभर पाण्यात उतरून घागर बुडवायचे, आणि गावात घरटी एकाला नारू. तुम्ही सांगायचात तेव्हा आवाज न चढवता सांगायचात, म्हणून जास्त भीती वाटायची. घोट्याजवळ फोड येतो, फुटतो, आतून पांढरा दोरा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला तर पाय सुजून गोळा होतो. तुमचा तुटला होता. सबंध हंगाम तुम्ही ओसरीवर पडून होता, आणि उठलात ते लंगडत. मग पोटासाठी हुबळीला आलात, कापडाच्या दुकानात नोकरीला लागलात, पुढं स्वतःचं दुकान काढलंत. पण साठलेल्या पाण्याची भीती काही गेली नाही. रस्त्यात डबकं दिसलं की तुम्ही आधी पाय मागं घ्यायचात आणि मग डबक्याकडं बघायचात. आम्हा पोरांना तुमची ती उडी करून दाखवायला आवडायचं. आई रागवायची, पण तोंडाला पदर लावून.

नळाबद्दल मात्र तुम्ही देवळाबद्दल बोलावं तसं बोलायचात. तुमच्या जुन्या मालकानं तुम्हाला सांगितलेलं तुम्ही आम्हाला सांगायचात: उणकलच्या तळ्यातून बिडाचा पाइप गावात आणला, तेव्हा लोकांना वाटलं होतं की पाणी इतक्या लांब येता येता वाटेतच आटून जाईल. मग चौकात दगडी खांबाला तोटी बसली, पाणी आलं, आणि बायकांनी तोटीला हळदकुंकू लावून नारळ फोडला. पुढचे कित्येक दिवस ज्यांच्या घरात आड होते तेही घागर घेऊन रांगेत उभे राहायचे, नुसती गंमत बघायला. तुम्ही आलात तेव्हा गंमत संपली होती, रांग उरली होती. तुम्ही त्या रांगेत उभे राहिलात आणि तोटीखाली पाय धुतले. ‘ज्या पाण्यात कोणाचा पाय पडलेला नाही, असं पाणी मी पहिल्यांदा बघितलं,’ असं म्हणायचात. म्हणून आपल्या घरात नळ घ्यायचा हे तुमचं कधीपासूनचं स्वप्न होतं. आणि नळ आला त्या दिवशी आईनं ते पाणी देवघरात न्यायला नकार दिला.

तो दिवस मला डोळ्यांसमोर दिसतो आहे. मिस्त्री तोटी बसवतोय. बसवण्याआधी खोलून आत तेल सोडतोय, आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय. आतून एक तपकिरी चकती निघते. आई विचारते, ‘हे काय?’ मिस्त्री भोळेपणानं सांगतो, ‘चामडं. ह्याच्याशिवाय पाणी थांबत नाही.’ झालं. आई म्हणाली, ‘भांड्यांना चालेल, कपड्यांना चालेल. देवाला आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाला आडाचंच.’ तुमची दाढी व्हायची होती, साबण लावलेलाच चेहरा घेऊन तुम्ही बाहेर आलात.

‘शेतात मोट कशाची असते?’

‘चामड्याची.’

‘त्या मोटेच्या पाण्यावर पिकलेला तांदूळ तुझ्या देवाला चालतो की नाही?’

‘चालतो.’

‘मग एवढीशी चकती का चालत नाही?’

‘तांदूळ मी धुऊन घेते,’ आई म्हणाली. ‘पाणी कशानं धुवू?’

तुम्ही तसेच उभे राहिलात. साबण वाळला. आज सूनबाई असले सोवळ्याचे प्रश्न विचारत नाही, आणि ते बरंच झालं. पण आई चुकली असं म्हणायलाही माझी जीभ वळत नाही. तिला तिचं पाणी हवं होतं, तुम्हाला तुमचं.

तुम्ही काही हार मानली नाहीत. संध्याकाळी दुकानातून खणाचा तुकडा आणलात, चांगला गुळेदगुड्डचा, काठ असलेला. त्याच्या गोल चकत्या कापल्यात, एकावर एक ठेवून शिवल्यात, मेणात बुडवून वाळवल्यात, आणि मिस्त्रीला बोलावून चामड्याच्या जागी ती गादी बसवायला लावलीत. तो म्हणाला, ‘सावकार्रे, कापडानं पाणी राहत नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘कापडातलं मला सांगू नकोस.’ अर्थात राहिलं नाही. तोटी आवळली तरी थेंब थेंब गळत राहिली. आईनं त्या थेंबाखाली तांब्याची घागर ठेवली. घागर भरली की पाणी देवघरात. ती येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हात धरून परड्यात न्यायची आणि दाखवायची: ‘आमच्याकडं नळ खणातून येतो.’ गळक्या नळाची तक्रार गेली आणि पाणीखात्याचा माणूस आला. ‘सावकार्रे, नळ सोराकत्तैती,’ म्हणजे गळतोय. तुम्ही दुकानातल्या गादीवरून न उठता म्हणालात, ‘सोरली बिड्री, अदु देवर नीर.’ गळू दे, ते देवाचं पाणी आहे. तो हसत सुटला आणि चहा पिऊन गेला.

तरीही आड बंद करायला आई तयार होत नव्हती. ती म्हणायची, आपला आड पायऱ्यांचा नाही, दोरीनं शेंदायचा. ह्यात कोण पाय बुडवतं? तुम्ही म्हणायचात, ‘उन्हाळ्यात गाळ काढायला उतरतो तो माणूस हातावर चालतो का?’ शेवटी तिची खात्री पटावी म्हणून तुम्ही आम्हाला टांग्यात घालून उणकलला नेलंत, जत्रेला न्यावं तसं. आईनं दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. बांधावर उभं राहून तुम्ही तिला दाखवत होता, इथून पाणी उचलतात, इथं वाळूतून गाळतात, इथं कुंपण आहे, कोणाचा पाय पडत नाही. आई सगळं ऐकून घेत होती. मग तिनं पलीकडच्या काठाकडं बोट केलं.

‘आणि ती म्हैस?’

पाण्यात मानेपर्यंत बसलेली म्हैस आमच्याकडं बघत होती. तुम्ही म्हशीकडं नीट बघून घेतलंत आणि म्हणालात, ‘म्हशीला नारू होत नाही.’ आई हसली ती परत येताना टांग्यातसुद्धा थांबेना. त्या हसण्यातच ती कबूल झाली असं मला वाटतं. पुढच्या आठवड्यात चार माणसांनी तो शहाबादी दगड आडावर ठेवला, कडेनं चुना भरला. आईनं त्यावर रांगोळी काढली आणि परत कधी आडाचं नाव घेतलं नाही.

मग ते दुष्काळाचं वर्ष. माझं नुकतंच लग्न झालेलं. नळाला फक्त हवा यायची. मी तुम्हाला म्हणालो, ‘आड उघडू या, अप्पा. नुसतं धुण्या-भांड्याला.’ तुम्ही जेवत होता. हातातला घास ताटात ठेवलात आणि म्हणालात, ‘त्या दगडाखाली माझा पाय आहे. मी असेपर्यंत नाही, आणि नसतानाही नाही.’ आणि मग त्याच लंगड्या पायानं टँकरच्या रांगेत जाऊन उभे राहिलात. मी घागर मागितली तर दिली नाहीत. मी तुमच्या मागून चालत होतो. घागर हिंदकळून तुमचा सदरा भिजत होता, तुम्ही थांबत नव्हता. त्यानंतर आडाचा विषय मी काढला नाही. तुमच्या माघारीही नाही.

पण आता तो विषय मी काढलेला नाही, अप्पा, तो अंगावर आला आहे. बुजवायचा तरी दगड हलणार, ठेवायचा तरी हलणार. हलायचाच असेल तर माती टाकायला का? पाणी बघायला हलू दे. मी शिकलेलो नाही, पण एवढं आयुष्य ह्या गल्लीत पाण्याची वाट बघत घालवलं आहे. आधी आड होते, उणकलचा पाइप आला, आड बुजले. नीरसागर धरण आलं, उणकलची गरज सरली. आता तिथं लोक फिरायला जातात, नावेत बसतात, ते पाणी पीत कोणी नाही. मग मलप्रभा नदीचं पाणी आलं. प्रत्येक वेळी आपण म्हणालो, आता काळजी मिटली, आणि हातातलं होतं ते टाकून दिलं. नवं येऊ दे, चोवीस तास येऊ दे, मी तोटीला नारळ फोडीन. पण जुनं बुजवून नाही. आणि नारू आता देशातूनच गेला, असं डॉक्टर सांगतात. हे तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही असता तर मी ही बातमी पेढे घेऊन सांगितली असती.

उद्या सकाळी गवंडी येणार आहे. मी काय करायचं ते ठरवलं आहे.

इथपर्यंत लिहून कागद उशाखाली ठेवला होता. आता पुढचं लिहितो, कारण जे झालं ते तुम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकावं असं मला वाटत नाही.

सकाळी उठून मी खुर्ची परड्यात नेली आणि दगडाच्या बरोबर मध्ये ठेवून बसलो. चहा तिथंच घेतला. गवंडी आणि त्याची माणसं पहारी घेऊन आली, मला बघून फाटकाजवळ थांबली. तुमचा नातू आला.

‘अण्णा, उठा. मुलांसारखं काय करताय?’

‘मुलं दगडावर बसत नाहीत. मुलं बापाचं न ऐकता दगडमाती मागवतात.’

‘तुमचे अप्पाच म्हणाले होते ना, उघडायचा नाही?’

‘उघडायचा नाही म्हणाले होते. बुजवायचा म्हणाले नव्हते.’

‘हे कायद्याचं बोलताय.’

‘सातवीचा कायदा आहे. तो तुला पुरेल.’

गवंड्याची माणसं हसली, त्यामुळं तो जास्त चिडला. मी चिंता करणारा माणूस, भांडणारा नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. तरी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो. तेवढ्यात सूनबाई उप्पीट घेऊन आली. ती धारवाडची, बोलते कमी. बशी माझ्या मांडीवर ठेवली, म्हणाली, ‘मामा, गार होतंय, खावा.’ मग नवऱ्याकडं वळली. ‘नळ आला की पिंपं कोण भरतं?’

‘ते आता कशाला?’

‘मी भरते. आडाचं काय करायचं ते मला कोणी विचारलं का? तुम्ही दोघं बाप-लेक अप्पांचं नाव घेऊन भांडताय. आधी उघडा. पाणी आहे का बघा. कोरडा निघाला तर मीच पहिली पाटी टाकते.’

त्यानं फाटकाजवळच्या माणसांना आत बोलावलं. मी उठलो आणि खुर्ची स्वतः बाजूला घेतली. कोरडा निघाला तर काय, ही धास्ती मला खुर्चीवर बसेपर्यंत नव्हती, उठल्यावर लागली.

पहारी घातल्या तेव्हा तुमचा चुना सहजासहजी सुटला नाही. चांगला भरला होतात. दगड सरकला आणि आतून गार, बंद वास आला, देवघरातल्या जुन्या तांब्यासारखा. आड साफ करणाऱ्याला बोलावलं होतं. त्यानं आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. आत वायू साठला असेल तर ज्योत विझते. आम्ही सगळे कडेला वाकून बघत होतो. पहिल्यांदा विझली. तो म्हणाला, उद्यापर्यंत उघडाच राहू दे. मी दिवसभर तिथं राखण करत बसलो, कोणी तोल जाऊन पडेल म्हणून. मांजरसुद्धा जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कंदील पार खाली गेला आणि जळत राहिला, आणि त्याच्याखाली दुसरा कंदील दिसला. पाणी होतं, अप्पा. काळंभोर, स्थिर, तुमचा दगड होता तितके दिवस तसंच वाट बघत.

तो माणूस उतरायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. पिंपातलं नळाचं पाणी घेतलं आणि म्हणालो, आधी पाय धू. तो म्हणाला, ‘अज्जार, नन्न काल स्वच्छ अदाव.’ माझे पाय स्वच्छ आहेत. मी म्हणालो, असू देत, तरी धू. तुमच्या नातवानं कपाळाला हात लावला. आठवड्याचं पाणी मी त्या माणसाच्या पायावर ओतलं, टाचा, घोटे, बोटांच्या बेचक्या. घोट्याजवळ नीट बघून घेतलं. काही नव्हतं.

गाळ निघाला, झऱ्यांची तोंडं मोकळी झाली, पाणी निवळलं. सूनबाईचा भाऊ विद्यानगरच्या कॉलेजात शिकवतो, त्याच्याकडून तपासून आणलं. पिण्यालायक नाही, बाकी सगळ्याला चालेल, असं निघालं. म्हणजे तुम्ही निम्मे बरोबर होता आणि मी निम्मा. आडावर आता जाळीचं घट्ट झाकण येणार आहे, लहान मोटार बसणार आहे. मालाची खोली माडीवर होईल. तुमचा दगड मी फोडू दिला नाही. तो परड्यातल्या नळाखाली बसवून घेतला आहे, पाय धुवायला.

हे पत्र मी कुठं टाकणार? तुमचा पत्ता होता तो हाच. घडी घालून फोटोच्या मागं सरकवीन म्हणतो, पण तिथं झुरळं होतात, बघू. एक गोष्ट मात्र राहिली, ती लिहून उठतो. पहिली बादली वर आली तेव्हा शेंदायला मीच पुढं होतो. सगळ्यांना सांगितलं होतं, पहिली बादली माझी. बादली कडेला टेकली, हिंदकळली, पाणी फरशीवर सांडलं, आणि माझे दोन्ही पाय आपोआप मागं गेले. अगदी तुमच्यासारखे. सूनबाईनं विचारलं, ‘मामा, भ्यालात?’ मी म्हणालो, ‘छे, लेंगा भिजेल म्हणून.’ लेंगा मी आधीच गुडघ्यापर्यंत वर खोचलेला होता.